मिशीवाल्या मेकॅनिकचा आवाज

"तोंड इकडे कर, मग बोल."

हे म्हणताना शेजारचे काका तुमच्या हनुवटीला दोन बोटं लावायचे आणि तुमचं तोंड स्वतःकडे वळवून घ्यायचे. काळाचौकीच्या आमच्या चाळीत ती बोटं लागली नाहीत अशी हनुवटी नव्हती. पोस्टमनची, गॅस घेऊन येणाऱ्याची, एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवाराचीसुद्धा. उमेदवार दचकून मागे सरला. त्याच्या माणसांना वाटलं, हा आता कानाखाली देणार. काका शांतपणे म्हणाले, "हां, आता बोला. नळाचं काय करणार?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याशी बोलताना इकडेतिकडे बघता येत नाही. अशा माणसाशी खोटेपणा करणं फार कठीण जातं. मी तो केला. कसा केला ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही, पण आधी काका कसे होते ते सांगायला हवं.

काका साचेवाले. साचा म्हणजे कापड विणायचा माग. मिसरूड फुटायच्या आधी ते गिरणीच्या साचेखात्यात लागले. तिथे शेकडो साचे एकदम खडखडतात. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी कळत नाही. म्हणून साचेवाले आवाजाच्या भानगडीत पडत नसत. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. सहा साचे पलीकडच्या माणसाला शिवी देता येई आणि मुकादमाला पत्ता लागत नसे. पंधरा-सोळा वर्षांत काकांचे कान गेले आणि ते डोळ्यांनी ऐकायला लागले. गॅलरीच्या एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाच्या बायका काय बोलतायत ते सांगायचे. आमच्या मजल्यावरच्या बायका तोंडावर पदर धरून बोलायला शिकल्या त्या काकांमुळे.

कान गेले तरी गळा शाबूत होता. गावी दशावतारात कामं केलेली, त्यामुळे आवाज कुठे सोडायचा आणि कुठे धरायचा ते त्यांना कानांवाचून ठाऊक होतं. "गळ्यावर हात ठेवला की कळतं," म्हणायचे. लांबलचक काही सांगताना खरंच त्यांचा एक हात गळ्यावर असायचा.

आणि ऐकायचं नसलं की ते डोळे मिटायचे. काकू भांडायला उभ्या राहिल्या की काका डोळे मिटून पाटावर स्वस्थ. "उघडा म्हणते ना डोळे, मी बोलत्येय," असं काकू ओरडायच्या. ते कुणाला ऐकू जाणार? अखेर काकूच हसायच्या आणि मग चहा टाकायच्या.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमची आणि काकांची भिंत एकच. माझे वडील विम्याच्या कचेरीत कारकून, त्यामुळे भिंतीच्या ह्या बाजूला घर नेहमीसारखं चालू होतं आणि त्या बाजूला हळूहळू एकेक गोष्ट बंद होत होती. आमच्या घरात ह्यावर कुणी बोलत नसे. शेवटच्या पाळीला काकांनी आपल्या साच्यांना तेल घातलं, पुसले, वर कापड टाकलं आणि घरी आले. पंधरा दिवसांत येतो म्हणून सांगून आलोय, असं त्यांनी काकूंना सांगितलं. कुणाला सांगून आलात, असं काकूंनी विचारलं, तर म्हणाले, "साच्यांना."

मजल्यावर टीव्ही एकच होता, आमचा. खोलीत पोरं खच्चून बसत. काका बाहेर गॅलरीत खिडकीच्या गजांशी उभे राहत. आत जागा नसे, आणि आत येऊनही त्यांना आवाजाचा उपयोग नव्हता. ज्यांना आत शिरता आलं नाही अशी पोरं त्यांच्या पायांशी बसत, आणि पडद्यावरची माणसं काय बोलतायत ते काका त्यांना सांगत. ओठ हिंदी बोलत, काका मालवणी. फौजदार पिस्तूल रोखून चोराला विचारायचा, "रे मेल्या, जेवलंस काय?" आत बसलेली आम्ही पोरं एकेक करून बाहेर यायला लागलो. आईने एकदा गंमत म्हणून आवाज पुरा बंद केला. कुणाची तक्रार आली नाही.

मग एकदा त्यांनी बातम्यांना आवाज दिला. संपाला सहा-सात महिने झाले होते. बातम्या देणारी बाई गंभीर तोंडाने काहीतरी सांगत होती आणि काका खिडकीतून तिच्याच सुरात म्हणाले, "संप मिटला आहे. उद्या पहिल्या पाळीला सगळ्यांनी कामावर यावे. येताना डबा आणावा." आम्ही हसलो. काकाही हसले. शेवटच्या खोलीतले एक म्हातारे साचेवाले तेव्हा जिना चढत होते. त्यांच्या कानावर एवढंच पडलं, आणि पडलं ते टीव्हीच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेला सदरा घालून, डबा घेऊन गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

कळल्याबरोबर काका अनवाणी धावले. म्हाताऱ्यांच्या समोर उभे राहिले, त्यांचं तोंड स्वतःकडे केलं आणि सांगितलं, ती बाई तसं बोलली नाही, ते मी बोललो. म्हातारे रागावले नाहीत. फाटकासमोरच्या फुटपाथवर बसून दोघांनी तो डबा खाल्ला. त्यात भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती हे मला माहीत आहे, कारण हा प्रसंग काकांनी मला पुढे कितीदा तरी सांगितला आणि डबा कधी वगळला नाही. शेवट दर वेळी एकच असायचा.

"आवाज दिला की लोक खरं धरतात, झिला. जपून द्यायचा."

झील म्हणजे मालवणीत मुलगा. मला टक्कल पडलं तरी काकांना मी झीलच होतो.

संप लांबला तशी माणसं फुटायला लागली. एका दुपारी काकांच्या खात्याचा मुकादम आला, गॅलरीत स्टुलावर बसला आणि समजावू लागला की गुपचूप कामावर ये, तुझे साचे तुलाच देतो, कुणाला कळणार नाही. काकांनी त्याची पहिली दोन वाक्यं नीट वाचली आणि डोळे मिटले. मुकादम बोलत राहिला. काकूंनी आणलेला चहा निवून वर साय धरली. शेवटी तो उठून गेला. मी जवळच होतो, मी काकांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले.

"गेला?"

मी मान हलवली. "बरं," म्हणाले आणि साय काढून थंड चहा पिऊन टाकला.

ती गिरणी नंतर काकांसाठी उघडली नाही. तुम्ही त्या भागातले असाल तर पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, नसाल तर त्या जागेवरच्या काचेच्या इमारती तुम्ही पाहिल्या असतील. काका दादरला एका मंगल कार्यालयात वाढपी झाले. तिथे त्यांचा लौकिक मोठा. हॉलच्या दाराशी उभं राहून कोणत्या पंगतीत कोण मठ्ठा मागतंय ते त्यांना दिसायचं आणि माणूस हाक मारायच्या आत मठ्ठा पुढे यायचा. वरमाय विहिणीबद्दल जावेच्या कानात काय कुजबुजली तेही दिसायचं. घरी येऊन काकूंना सांगायचे, "आजचं लगीन वर्षभर टिकलं तर मिशी काढीन." मिशी त्यांना नव्हतीच.

मिशीचा विषय निघालाच आहे तर स्टुडिओकडे वळतो.

मी बी.ए. होऊन दादरच्याच एका लहान रेकॉर्डिंग स्टुडिओत संवाद लिहायला लागलो. मराठी वाहिन्या तेव्हा नव्याने निघत होत्या. त्यातल्या एकीने एक जुनी जपानी कार्टून मालिका घेतली आणि ती मराठीत करायचं काम आमच्याकडे आलं. एका बंद पडलेल्या कारखान्यात डोंगराएवढा यंत्रमानव उभा असतो. त्याला चालवणारी मुलगी दूर निघून गेलेली असते. सगळे कारखाना सोडून जातात. एक म्हातारा मेकॅनिक तेवढा मागे राहतो आणि वर्षानुवर्षं त्या यंत्राला तेल घालतो. जाड पांढऱ्या मिशीचा म्हातारा. ह्या म्हाताऱ्याला आवाज मिळेना. नाटकातले दोन-तीन नट येऊन गेले. सगळ्यांनी म्हातारा केला. मेकॅनिक कुणालाच करता आला नाही.

मी मॅडमना काकांबद्दल सांगितलं. स्टुडिओ मॅडमचा. बहिरा माणूस डबिंग कसं करणार, असं त्यांनी विचारलं, ते रास्तच होतं. हेडफोनचा काका कानटोपीइतकाच उपयोग करू शकत होते. मग आम्ही एक रीत काढली. काका माईकसमोर उभे. मी त्यांच्यापुढे, पडद्याच्या कडेला, बुटक्या स्टुलावर. म्हाताऱ्याचं वाक्य आलं की मी आवाज न करता नुसते ओठ हलवायचे आणि ते वाचत काकांनी बोलायचं. गळ्यावर हात ठेवून. पहिल्याच दिवशी मॅडम काचेपलीकडून म्हणाल्या की ह्यांनाच ठेवा.

काकांना त्या म्हाताऱ्याचा राग यायचा. "ह्याचं तोंडच दिसत नाय. सगळं मिशीत. असल्या माणसाशी बोलायचं कसं?" पण त्यांनी मिशी वाचायला घेतली. वाक्य संपताना तिचं डावं टोक हलतं, हे त्यांनी मला दाखवलं. चित्र काढणाऱ्यालाही ते माहीत नसेल. प्रत्येक रेकॉर्डिंगला ते दाढी घोटून येत. आवाज स्वच्छ निघतो म्हणायचे.

एका भागात गावातला कुणीतरी म्हाताऱ्याला विचारतो की हे मेलेलं यंत्र कशाला पुसत बसतोस. मी लिहिलं होतं, "हे यंत्र पुन्हा कार्यरत होऊ शकतं." मी ओठ हलवले. काका गप्प. मी पुन्हा हलवले. त्यांनी माझ्या हनुवटीला बोटं लावली.

"असं कोण बोलतं रे? तेल घालणारा माणूस असं बोलेल काय?"

मग तुम्हीच सांगा, म्हटलं. त्यांनी पडद्यावरच्या मिशीकडे जरा वेळ बघितलं आणि बोलले:

"थांबलंय. मेलं नाय."

मध्ये एक श्वास होता. तो लिहून दाखवता येत नाही. मॅडमनी दुसरा टेक घेतला नाही.

ते वाक्य पोरांनी उचललं. लिफ्ट बंद पडली, थांबलंय मेलं नाय. मिक्सर अडला, थांबलंय मेलं नाय. लालबागला गणपतीच्या रांगेत पुढची रांग खोळंबली की कुणीतरी ते म्हणे आणि सगळे हसत. काकांना मी हे सांगितलं तर लाजले.

मालिकेच्या शेवटी ती मुलगी मोठी होऊन परत येते, खटका दाबते, आणि पहिल्याच दाबाला यंत्राची चाकं फिरतात. म्हाताऱ्याला त्या प्रसंगात संवाद नाही. तरी काका त्या दिवशी आले. एवढा तुकडा त्यांनी चार वेळा लावून घेतला. "बघ," मला म्हणाले, "तेल घातलेलं होतं ना." थोड्या वेळाने म्हणाले, "पुढे काही असेल तर मला सांगशील?" सांगेन म्हटलं. त्यांनी माझं तोंड स्वतःकडे केलं आणि मला ते पुन्हा बोलायला लावलं. मी बोललो, "पुढचं निघालं तर म्हातारा तुम्हीच."

वीस-बावीस वर्षं पुढचं निघालं नाही. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि आम्हा जुन्या भाडेकरूंना मागच्या बाजूची इमारत मिळाली. काका सहाव्या मजल्यावर, मी अकराव्या. काकू गेल्या. गॅलरी नव्हती, त्यामुळे काकांना लांबचे ओठ वाचायला मिळेनात. लिफ्टमध्ये जे भेटतील तेवढेच.

आणि मग ती मालिका परत निघाली. जुनीच गोष्ट, नव्या लोकांनी नव्याने काढलेली. आमच्याकडे त्याला रीबूट म्हणतात. काम आमच्याच स्टुडिओत आलं. मी सगळे भाग एका बैठकीत बघितले. चित्रं देखणी होती. मुलगी होती, यंत्र होतं, कारखाना होता. म्हातारा बदलला होता. त्याची मिशी काढली होती आणि कोट चढवला होता. मुख्य म्हणजे नव्या गोष्टीत हाच म्हातारा शत्रूला कारखान्याची चावी नेऊन देतो. इतकी वर्षं तो यंत्राची निगा राखतो ती चांगल्या भावात विकता यावं म्हणून. नव्या प्रेक्षकांना धक्का हवा असतो, असं क्लायंटचं म्हणणं.

मॅडमनी विचारलं, "आपले ते जुने म्हातारे, आहेत ना अजून? त्यांनाच बोलवूया. लोकांना आवडेल."

इथे मी जे केलं ते सांगतो.

मी म्हटलं, "आहेत, पण त्यांना आता काहीच ऐकू येत नाही. नाही जमणार."

हे खरं होतं. पहिल्या वेळीही त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, हे मी बोललो नाही. मॅडम विसरल्या होत्या. मी विसरलो नव्हतो. स्टुलावर मीच बसायचो.

का, असं तुम्ही विचाराल. तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते आणि रेकॉर्डिंगच्या खोलीत दोघांनी जायचं नाही असा नियम होता, हे एक कारण मी स्वतःला दिलं. म्हाताऱ्याचं हे असं झालेलं काकांना बघवणार नाही, हे दुसरं. दोन्ही कारणं चांगली आहेत. खरं कारण असं की काका तो संवाद बोलले नसते. चावी देणार नाय म्हणाले असते. माझ्या हनुवटीला बोटं लावून विचारलं असतं, असं कोण करतं रे? मग मला क्लायंटशी भांडावं लागलं असतं. मी पन्नाशीला आलो होतो, स्टुडिओतली निम्मी माणसं कमी झाली होती, आणि मला कुणाशी भांडायचं नव्हतं. मी दमलो होतो. दमलेला माणूस काय काय करतो ते तुम्हाला सांगायला नको.

पण एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं.

चावी देतानाचं म्हाताऱ्याचं वाक्य मूळ संहितेत अगदीच साधं होतं. जुन्या प्रेक्षकांना ओळख पटेल असं इथे काहीतरी पाहिजे, असं मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, "थांबलंय. मेलं नाय." कुणी मागितलं नव्हतं. मी दिलं. शत्रूच्या हातावर चावी ठेवताना, माल चालू स्थितीत आहे ह्याची खात्री म्हणून म्हातारा ते बोलतो. सगळे वा म्हणाले. एक तरुण नट बोलावला. त्याला मी जुन्या टेप ऐकवल्या, आणि मधला श्वास कसा घ्यायचा ते तीन दिवस काचेपलीकडे बसून शिकवलं. पोरगा हुशार. तिसऱ्या दिवशी डोळे मिटले तर काकाच.

त्याच आठवड्यात काका माझ्या दाराशी आले. मालिका परत येतेय हे त्यांच्या नातीने त्यांना सांगितलं होतं. कॉलेजात जाणारी ही नात त्यांच्याशी आवाज न करता, नुसत्या ओठांनी बोलते. घरात टीव्ही चालू असला तरी तिचं काही अडत नाही. काका मास्क लावून, दोन हात लांब उभे होते. खूश होते ते डोळ्यांवरून कळत होतं.

"कधी जायचं ते सांग. दाढी करून येतो."

मी मास्कच्या आत काहीतरी बोललो. काय बोललो ते मलाही नीट आठवत नाही. त्यांचा हात सवयीने माझ्या हनुवटीकडे आला आणि मास्कपाशी अर्ध्यात थांबला. त्या दिवसांत कुणी कुणाला हात लावत नव्हतं. मला मास्क खाली करता आला असता. चार पावलं मागे जाऊन, खिडकीशी उभं राहून तोंड दाखवता आलं असतं. मी मान हलवली. मान हलवायला तोंड लागत नाही.

"बरं बरं," काका म्हणाले. "ठरलं की सांग."

मालिका आली. मास्क सुटले. एका रविवारी दुपारी नात मला बोलवायला आली. आजोबांना तुमच्याबरोबर ती बघायचीय म्हणाली. मालिकेच्या शेवटी येणाऱ्या नावांत माझं नाव तिने त्यांना दाखवलं होतं. म्हणजे ती मराठीत झाली आणि मीच केली, हे त्यांना माहीत झालं होतं. मी गेलो. काका दाढी करून बसले होते.

नातीने मोबाईल त्यांच्यासमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, स्वतःच्या कानात इअरफोनच्या दोऱ्या घातल्या आणि पुढ्यात बुटक्या स्टुलावर बसली. वाक्य ऐकायची आणि ओठांनी त्यांना सांगायची. मी कडेला खुर्चीत होतो. ती जिथे बसली होती तिथे बसायचं काम एके काळी माझं होतं, एवढंच माझ्या मनात येत होतं.

"मिशी काढली ह्यांनी," काका पहिल्यांदा म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बरं केलं. तोंड दिसतंय."

चावीचा प्रसंग आला. नातीचे ओठ हलले आणि ती एकदम मोठ्याने बोलून गेली, "आजोबा, तुमचं वाक्य!" तिला काही ठाऊक नव्हतं. ती हसत होती.

काकांनी पडद्यावरच्या उघड्या पंजाकडे आणि त्यातल्या चावीकडे बघितलं.

"चावी देताना बोलतो?"

नातीने हो म्हटलं.

"आवाज कसा आहे?"

"तुमच्यासारखाच. अगदी सेम."

काकांनी गळ्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सफाईने केलंय." उरलेला भाग त्यांनी पूर्ण बघितला. मीही बघितला.

दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो. नात घरी नव्हती. काका खिडकीशी खुर्चीत होते. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो, उजेड माझ्या तोंडावर पडेल असा. आयुष्यात काही गोष्टी नीट केल्या पाहिजेत असं मला तेव्हा वाटलं. म्हटलं, "काका, मॅडमनी तुमच्याबद्दल विचारलं होतं. मीच नको म्हटलं."

त्यांनी ही दोन वाक्यं वाचली आणि डोळे मिटले.

मी थांबायला हवं होतं की नाही, मला अजून कळत नाही. मी थांबलो नाही. मास्कचं सांगितलं, त्या पोराला श्वास शिकवल्याचं सांगितलं, ते वाक्य मला कुणी मागितलं नव्हतं हेही सांगितलं. खाली टॉवरच्या बाजूला गाड्या हॉर्न देत होत्या. सगळं सांगून झाल्यावर मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला.

त्यांनी डोळे उघडले. "झालं?"

मी मान हलवली.

"मला काय ऐकू आलं नाय हां," ते म्हणाले. "जा, जेवायची वेळ झाली तुझी."

हे त्यांनी मला सोडवायला म्हटलं की दार लावायला म्हटलं, ह्याचा मी फार विचार केला आहे. उत्तर सापडलेलं नाही. काका आता नाहीत, विचारता येणार नाही.

त्या दुपारनंतर ते वर्षभर होते. लिफ्टमध्ये भेटायचे. गोड बोलायचे. काय झिला, मुलगी काय म्हणते, पाणी आलं काय अकराव्याला. मी उत्तर द्यायचो. कधी पिशवीत बघत, कधी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत, आणि एकदा तर मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून बोललो. काका बरं म्हणून मान डोलवायचे आणि सहाव्या मजल्यावर उतरायचे. माझ्या हनुवटीला त्यांनी परत बोटं लावली नाहीत.